राखण

बंदराच्या कचेरीत मी हिशेब लिहिते, बावीस वर्षं झाली.
डिझेल, बर्फ, जाळ्याचा दोरा, लिलावाची दलाली
आधी वजा.
उरेल त्यातलं अर्धं बोटीचं, अर्धं माणसांचं.
माझे वडील याच वहीत होते.
कुणाचं हातावर पोट असतं, त्यांचं वाट्यावर होतं:
हॅडॉक भरपूर, तर आम्हाला नवे बूट,
नाहीतर वादळाला शिव्या आणि बटाटे.

'स्टेडफास्ट'वर आता सहा माणसं.
दोघांना वाटा, चौघांना पगार.
एबो एसिल्फी, घानातल्या सेकोंडीचा,
मासेमाराच्या पोटचा मासेमार,
त्याला वाटा नाही.
वाट्याला मात्र सगळं येतं:
पहाटे तीनची ओढ, गोठलेली विंच,
आणि मधल्या बोटाचं गेलेलं पेर.

त्याच्या कागदावर लिहिलंय, ट्रान्झिट.
म्हणजे हा माणूस वाटेत आहे,
आला तो जाण्यासाठीच,
धक्क्यापलीकडे गावात त्याचं काही काम नाही.
चार वर्षं झाली,
तो निघालाच आहे.

फेब्रुवारीत मच्छीमारांच्या हॉलमध्ये सभा भरली.
नाखवा वॉट उठून म्हणाला,
"गावातलं एक पोर दाखवा, जे माझ्या बोटीवर येईल.
सगळी तेलविहिरींवर गेली.
बँकेला हप्ता दिसतो, समुद्र दिसत नाही."
खोटं काही नव्हतं त्यात.
त्याचे हप्ते मीच तर भरते.
मागून डगी नोबल ओरडला,
"पोरं का येत नाहीत ते विचार की!
पडेल त्या पैशात माणूस मिळतो म्हटल्यावर
मी माझा वाटा कुठल्या तोंडानं मागू?"
तेही खोटं नव्हतं.
कुणीतरी म्हणालं, त्यांच्याकडे एवढ्यात घर उभं राहतं.
कुणीतरी म्हणालं, मग इकडे भाकरी स्वस्त मिळते का त्यांना?
मग चहा झाला.
ज्यांच्याबद्दल एवढं चाललं होतं
ते दोनशे पावलांवर जाळी शिवत बसले होते.
सभा गावात होती ना.

गुरुवारी एबो माझ्या खिडकीशी आला.
वाटलं, उचल मागणार.
त्यानं खिशातून वही काढली, शाळेची, दुरेघी.
नाताळचे अकरा दिवस.
नाखवा घरी, हे चौघे बोटीवर.
भरतीला दोर आवळायचे, ओहोटीला सोडायचे,
पंप बघायचा, चोर बघायचे,
सगळं लिहिलेलं, वेळेसकट,
एका रात्री पुढे फक्त: बर्फ.

"तुमच्या वहीत हे काय म्हणून आहे?"

मी पान त्याच्याकडे फिरवलं.
विश्रांती.

तो चिडला नाही.
खोक्यावरची चिठ्ठी वाचावी
तसा त्यानं तो शब्द वाचला, बोट ठेवून,
नसलेलं पेर त्या शब्दाच्या अलीकडेच थांबलं.
"आमच्या किनाऱ्यावर," तो म्हणाला,
"रात्री होडी राखणाऱ्याला एक टोपली मासळी काढून ठेवतात.
तो झोपलेला सापडला तरी.
शिव्या देतात, आणि टोपलीही देतात."
मग टोपी चढवून गेला. पावसात नव्हे, गारांत.

छापील वहीला रकाने सात.
आठवा मी पट्टीनं आखला,
आणि पेन्सिलीनं वर लिहिलं: राखण.
अकरा रात्री, चार माणसं.
रक्कम कोरी ठेवली. दर मला ठरवता येत नाही,
आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली;
पगार मलाही तोच देतो.

शनिवारी नाखवा सही करायला येईल.
पेन्सिलीचंच आहे, खोडता येईल.
रबर माझ्या खणात आहे.
त्याला ते मागावं लागेल.